ती. मावशी, तुम्ही आधी वीस मिनिटं नुसतं पाहिलंत

ती. मावशींस,
सा. न. वि. वि.

फोनवर 'थँक यू' म्हटलं तर "बरं, ठेव आता, दूध उतू जातंय" म्हणून तुम्ही फोन ठेवलात. पैशाचं पाकीट जिन्यावरूनच परत पाठवलंत. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. रागवाल, माहीत आहे. पण लग्नाचे फोटो बघून आतापर्यंत चौदा जणींनी "मेकअप कुणी केला, नंबर दे" म्हणून माझ्यामागे लकडा लावलाय आणि नंबर द्यायचा नाही अशी तुमची सक्त ताकीद. निदान तुम्ही काय काय केलंत ते तरी त्यांना सांगू द्या.

तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा माझे डोळे सुजलेले होते ते तुम्ही पाहिलंतच. का सुजले ते त्या दिवशी धड सांगता आलं नाही. मला लग्नात माझ्या आजीसारखं दिसायचं होतं. तिचा 1958 सालचा फोटो, लक्ष्मी रोडवरच्या एका स्टुडिओत काढलेला, वीस वर्षांची आजी, कानावर केसांचा फुगा, मागे खाली बांधलेला अंबाडा, काळेभोर कमानदार भुवया आणि गडद ओठ. तोच फोटो घेऊन मी एका पार्लरमध्ये ट्रायलला गेले. तिथल्या मुलीने फोटोकडे एक नजर टाकली आणि म्हणाली, "रेट्रो ना? होऊन जाईल. आणि मॅडम, तुम्ही गोऱ्या आहात, तुम्हाला काय, काहीही शोभेल."

हे वाक्य मी जन्मापासून ऐकते आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात ऐकलं, साडीच्या दुकानात ऐकलं, स्थळांच्या जाहिरातीत तर 'गोरी' हा शब्द वयाच्याही आधी असतो. आणि ज्यांना ऐकून घ्यावं लागतं त्या माझ्या सावळ्या मैत्रिणींसमोर मी "अगं, पण मला काहीच शोभत नाही" म्हणणं म्हणजे पोट भरल्यावर उपासाचं कौतुक. म्हणून कधी बोलले नाही. पण खरं ते खरं. भुरकट भुवया, त्याच रंगाच्या पापण्या, तपकिरी पातळ केस, आणि जरा ऊन लागलं, जरा लाज वाटली की चेहरा गळ्यापर्यंत लाल. या चेहऱ्यावर काळी रेघ ओढली की आधी रेघ दिसते, मग चेहरा.

दोन तासांनी आरशात जी बाई बसली होती तिच्या डोक्यावर उंच फुगवलेलं घरटं होतं, कपाळावर कापलेली झालर होती, डोळ्यांना जाड काळ्या शेपट्या, भुवया बुटाच्या पॉलिशने काढल्यासारख्या आणि ओठ जांभळट मरून. भावी नवऱ्याने फ्लॅश टाकून फोटो काढला. त्यात मान माझी आणि चेहरा पिठाच्या गिरणीतून नुकताच बाहेर आलेल्या माणसाचा. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. घरी येऊन मी चेहरा तीनदा धुतला आणि तो दोन दिवस लालच राहिला. तिसऱ्या दिवशी मैत्रिणीने मला तुमच्या नारायण पेठेतल्या जिन्यावर आणून सोडलं.

तुम्ही मला तोंड साध्या पाण्याने धुवायला लावलंत, गॅलरीच्या खिडकीशी बसवलंत आणि चहा टाकायला निघून गेलात. आलात, समोर बसलात, चहा प्यायलात. वीस मिनिटं हात लावला नाहीत. मला वाटलं, म्हातारपणी विसरल्या की काय. मग म्हणालात, "गोऱ्या कातडीवर सगळं दिसतं गं, कालची न झालेली झोपसुद्धा. ते खाली बसल्याशिवाय तुझा रंग कुठला हे मला कसं कळणार?" आणि वर, "आता खाली जा आणि तीन जिने चढून वर ये. पळत." मी धापा टाकत आले तेव्हा तुम्ही दारातच चष्मा लावून उभ्या होतात. माझे गाल जिथे आपसूक लाल झाले होते, नाकापासून दोन बोटं लांब, जरा खालच्या अंगाला, तिथेच लग्नाच्या दिवशी तुम्ही पीच रंगाचं बोट फिरवलंत. गालाच्या हाडावर वर ओढलेला गुलाबी पट्टा नाही. त्या दिवशी प्रत्येकाने मला विचारलं, "ऊन लागलं का गं?" मेकअपबद्दल कुणीच विचारलं नाही.

मग तुम्ही फोटो मागितलात आणि भिंग काढलंत. मावशी, त्या भिंगाबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचं आहे.

पार्लरच्या घरट्याचं वर्णन ऐकून तुम्ही आधी कपाळाला हात लावलात. म्हणालात, तो उंच बीहाइव्ह, म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यासारखा फुगा, शिकागोत 1960 साली निघाला. सिनेमातल्या साधनाची ती कपाळावरची झालरही 1960 चीच, तिचं रुंद कपाळ झाकायला कापलेली. "आजी 1958 ची, तिच्या डोक्यावर दोन वर्षांनंतरचे केस कशाला? आणि तुझं कपाळ आधीच बोटभर, ते झाकून उरणार काय?" झालं, एका वाक्यात माझे साडेतीन हजार रुपये बुडाले होते हे सिद्ध झालं.

पुढचं मला ठाऊकच नव्हतं. काळ्यापांढऱ्या फोटोत रंग शोधायचे नाहीत, आकार शोधायचे, असं तुम्ही म्हणालात. सुरुवातीच्या काळातली फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळीच होती. लाल ओठ पडद्यावर काळे पडायचे, म्हणून तेव्हाचे रंगभूषाकार भलतेसलते रंग वापरायचे. पुढे फिल्म सुधारली, तरी लाल रंग फोटोत गडदच उतरतो. (मी रोज ऑफिसला लॉ कॉलेज रोडने जाते, फिल्म इन्स्टिट्यूटच्या फाटकावरून. 1933 साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून त्याच जागेत आली. त्या पडद्यावरच्या नायिकांच्या गालांचा खरा रंग कुठला असेल, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत एकदाही पडला नव्हता.) म्हणजे फोटोत गडद दिसलं म्हणून ओठांना मरून लावणं हाच मुळात घोटाळा.

"आजी आहेत ना? मग त्यांनाच विचार की," तुम्ही म्हणालात. मी तिथूनच फोन लावला. आजी अठ्ठ्याऐंशीची आहे, कानाला कमी ऐकू येतं, त्यामुळे अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात मी विचारलं, "आजी, फोटोत लिपस्टिक कुठली लावली होतीस?" पलीकडून तितक्याच मोठ्या आवाजात उत्तर आलं, "लिपस्टिक? अण्णांनी घराबाहेर काढलं असतं! जेवण झालं होतं, विडा खाल्ला होता!"

तुम्ही किती हसलात त्या दिवशी.

आणि भुवया! फोटो उजेडाकडे तिरका धरून तुम्ही मला भिंगातून दाखवलंत: भुवईच्या टोकाशी ब्रशचे बारीक फटकारे. केस नव्हतेच ते. फोटोवाल्याने छापलेल्या फोटोवर रंगाने काढलेल्या भुवया. आजीही माझ्यासारखीच घारी-गोरी, भुरकट भुवयांची. दिव्यासमोर तिचा चेहरा सपाट झाला असणार, म्हणून त्या माणसाने हात चालवला. पासष्टहून अधिक वर्षं आमच्या घरातल्या सगळ्या मुली ज्या भुवयांसाठी झुरल्या त्या एका अनोळखी कारागिराच्या निघाल्या.

चौदा जणींनो, आता तुमच्यासाठी. मावशींनी मला काळं जवळजवळ लावलंच नाही. भुवयांना राखाडी झाक असलेली तपकिरी पावडर, तिरक्या ब्रशने, जिथे केस विरळ तिथेच; आकार आजीचा, रंग माझा. डोळ्यांना गडद तपकिरी पेन्सिल, वरच्या पापणीच्या मुळात घासून बसवलेली आणि बाहेरच्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढी वर उचललेली. पन्नासच्या दशकातली ती काजळाची शेपटी एवढ्यावरच येते. खालच्या पापणीला काहीही नाही; तिथे काळं घातलं की माझे डोळे लहान आणि आजारी दिसतात, हे मला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी कळलं.

चेहऱ्याचा रंग त्यांनी मनगटावर न बघता जबड्याच्या कडेला बघितला, गळ्याशी जुळेल असा. गुलाबी त्वचेवर गुलाबी बेस चढवला की लाली दुप्पट होते, म्हणून थेंबभर पिवळा मिसळला. "पूर्वी आम्ही पिवडी घालायचो," मावशी म्हणाल्या, म्हणजे पिवळ्या रंगाची पूड. बेसला त्या अजून सरसकट 'पॅनकेक'च म्हणतात. हॉलिवूडच्या रंगीत चित्रपटांसाठी 1930 च्या दशकाच्या शेवटी मॅक्स फॅक्टर कंपनीने काढलेली ती वडी, ओल्या स्पंजने लावायची. माझ्या तोंडावर त्यांनी स्पंज इतका पिळून फिरवला की मला वाटलं संपलं असेल. नाकाच्या बाजूला, हनुवटीवर, बस.

आणि पिठाच्या गिरणीचं रहस्य: सनस्क्रीनमधलं झिंक ऑक्साइड आणि वरून थापलेली पांढरी पावडर फ्लॅशचा उजेड परत फेकते. मावशींच्या भाषेत तो सफेदाच, त्यांच्या नाटकाच्या रंगपेटीतला जुना ओळखीचा. पिवळ्या बल्बखाली तो खपून जायचा, फ्लॅशखाली नाही. म्हणून त्यांनी मला हॉलच्या मॅनेजरला फोन करून दिवे कुठले आहेत ते विचारायला लावलं. त्या बिचाऱ्याला वाटलं मी लाइट बिलावर घासाघीस करते आहे.

ओठांवर विडाच हवा होता, लिपस्टिक नको. मावशी, तुम्ही विटकरी लाल घेतलात, नारिंगीकडे झुकणारा. मधे बोटाने दाबून भरलात आणि कडा कागदाने टिपून पुसट केल्यात, कारण विडा कधी ओठांच्या रेघेत रंगत नाही. आजीने हॉलमध्ये मला जवळ ओढून पाहिलं आणि म्हणाली, "कात जास्त झालाय." यापेक्षा मोठी पावती कुठली?

केसांचं मात्र पूर्ण जमलं नाही, तेही लिहिते, नाहीतर तुम्हीच म्हणाल की खोटं कौतुक करते. दोन दिवस आधी केस धुवायचे, कंडिशनर नाही, आदल्या रात्री किंचित ओले करून जुन्या सुती साडीच्या चिंध्यांवर गुंडाळायचे. अकरा चिंध्या बांधून मी झोपले, म्हणजे झोपले नाहीच. सकाळी लाटा सुंदर पडल्या होत्या. आजीचा मधला भांग तुम्ही जाणूनबुजून बोटभर बाजूला सरकवलात, कारण गोऱ्या टाळूवर पातळ तपकिरी केस म्हणजे भांग रस्त्याएवढा दिसतो, आणि शेपटीच्या कंगव्याने तो सरळ न काढता नागमोडी काढलात. वर तपकिरी आयशॅडो चिमूटभर. गंगावनासाठी आपण तुळशीबागेत चार दुकानं पालथी घातली, सगळी काळीभोर. शेवटी तुम्ही माझ्याच केसांच्या आत जाळीची उशी घालून अंबाडा बांधलात आणि यू पिना अशा खोचल्यात की रात्री काढताना सतरा निघाल्या, एक अजून सापडलेली नाही. मोगऱ्याचा गजरा मी आणला होता. तो तुम्ही माझ्या कानाशी धरलात, मान हलवलीत आणि शेजारच्या मुलाला मंडईत अबोली आणायला पिटाळलंत. मोगरा माझ्यावर दिसतच नव्हता. अबोली थेट ओठांशी बोलली.

चार वाजता उजवीकडचा फुगा बसला. पाऊस होता, माझे केस पातळ, त्याला तुम्ही तरी काय करणार? त्या वेळचे फोटो डावीकडूनच आहेत.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, पण जाताना एक मागितलंत: आजीच्या त्या फोटोची प्रत. ती करून आणली आहे, मोठी, ब्रशचे फटकारे भिंगाशिवाय दिसतील एवढी. रविवारी सकाळी घेऊन येते. आजीही येते म्हणते. तीन जिने तिला कसे चढवायचे ते बघते, शेजारच्या मुलाला खुर्ची धरायला सांगून ठेवा. विडे मी आणते. तिच्या भुवया फोटोवाल्याच्या आहेत हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. ते तुम्हीच सांगा, आणि जरा मोठ्याने.

तुमची,
तिसऱ्या जिन्यावरची धापा टाकणारी