खोटी झाडं, खरा गेंडा

प्रिय चिऊ,

‘ताडोबा घरापासून अडीच-तीन तासांवर, आणि तू प्राणी बघायला फ्लोरिडाला?’ हा तुझा मेसेज मी आमच्या चौघी मैत्रिणींना मोठ्याने वाचून दाखवला. डॉक्टर म्हणाली, पोरगी चुकीचं काय बोलते? बँकवाली म्हणाली, तिला सांग, तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. तर आम्ही गेलो. फोनवर तू मला वाक्य पूर्ण करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. डेहराडूनला पोचेल तेव्हा सवडीने वाच.

तुझं निम्मं म्हणणं मला मान्य आहे, ते आधीच सांगून टाकते. डिस्नेचं हे ॲनिमल किंगडम म्हणजे खोटेपणाची कमाल आहे. आत शिरून थोडं चाललं की समोर एक अवाढव्य झाड उभं राहतं, १४५ फूट उंच. त्याच्या पोटात समुद्रातल्या तेलविहिरीवर असतो तसला लोखंडी सांगाडा आहे, वर सिमेंटचं खोड आणि लाखभर कृत्रिम पानं. खोडावर, मुळांवर तीनशेच्या वर प्राणी कोरलेत. आम्ही शोधत बसलो. बँकवालीने सगळ्यांत जास्त शोधले. आयुष्यभर खोट्या सह्या पकडल्यात तिने. मला त्यातला एकच बघायचा होता, तो सापडला. पार्क बांधत होते तेव्हा चिंपांझींचा अभ्यास करणाऱ्या जेन गुडाल तिथे आल्या होत्या आणि झाडावर चिंपांझी कुठेच नाही हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांच्या अभ्यासातला चिंपांझी डेव्हिड ग्रेबिअर्ड मुळाशी कोरला गेला. त्याच्याबद्दल मी तुला काय सांगणार? बारावीत तुझ्या टेबलासमोर त्याचाच फोटो होता.

सफारीला मात्र मी मुद्दाम मास्तरीण होऊन बसले होते, तुझ्यासाठी. सकाळी उघडल्या उघडल्या गेलो, तरी रांग होतीच. ‘काहून एवढी गर्दी आहे बाई, आज काय फुकट आहे का?’ हे आमच्या डॉक्टरचं. मग तो मोठा उघडा ट्रक आला, ओळीओळीने बसायचं, आणि साधारण वीस मिनिटांची फेरी. सुमारे ११० एकर माळ. रस्ता असा की पावसाळ्यानंतर ताडोबातल्या मोहर्लीच्या बाजूचा वाटावा. चिखल, चाकोऱ्या, खड्डे, गाडी गदागदा हलते. सगळं काँक्रीट! ओलं असतानाच त्याला मातीचा रंग दिला आणि चाकांचे ठसे उमटवले. जाड बुंध्याची बाओबाबची झाडंही सिमेंटची. लांबवर छत्रीसारखी दिसतात ती आफ्रिकेतली बाभूळवर्गातली झाडं वाटतात, पण ते ओक आहेत, त्या आकारात छाटलेले. हे मी आधी वाचून गेले होते म्हणून कळलं, नाहीतर मीसुद्धा फसले असते.

पण चिऊ, खरी गंमत कुंपणात आहे. ते कुठे दिसतच नाही. आपल्या नागपूरच्या गोरेवाडा प्राणिसंग्रहालयात बस एका फाटकातून आत जाते, मागचं बंद होतं, मग पुढचं उघडतं, जाळी सगळीकडे दिसते, आणि आपण कुठे आहोत हे कोणी लपवत नाही. इथे तसं नाही. काळवीटाच्या जातीचे प्राणी मोकळे फिरताहेत, त्यांच्या पलीकडे खडकावर सिंह पसरलाय, आणि मधे नुसतं गवत. मी मान वाकडी करकरून बघितलं तेव्हा एका ठिकाणी गवत जरा अचानक संपल्यासारखं वाटलं. तिथे खोल चर आहे. आपल्या नजरेच्या उंचीवरून त्याचा तळ दिसू नये अशा उताराने खणलेला. आणि तो सिंह खडकावरच का बसतो? कारण खडकाचं तापमान आतून राखलेलं असतं. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. त्याला कोणी तिथे बसवत नाही. नागपूरच्या मे महिन्यात तू कुलरसमोरून हलतेस का?

मला हे सगळं फसवणूक वाटलं का? नाही वाटलं, आणि का नाही ते तुला नीट सांगायला हवं, कारण तू लगेच ‘आई भुलली’ म्हणशील. सिमेंटचा बाओबाब माझ्यासाठी आहे. चाकोऱ्या माझ्यासाठी आहेत. जिराफाला त्यातल्या कशाशीच देणंघेणं नाही. त्याला पाला किती, सावली कुठे, पाय मोकळे करायला जागा केवढी, एवढंच. म्हणजे त्या जागेची परीक्षा करायची तर नाटक बाजूला ठेवून जिराफाच्या बाजूने करायला हवी. तुझ्या मेसेजात मला ते दिसलं नाही. तू ‘नकली’ म्हणून रागावली होतीस.

माझी तक्रार वेगळीच आहे. ताडोबात आपण वाघाची वाट बघतो, इथे आपल्या नंबरची. तुला आठवतं, आपण बाबांबरोबर गेलो होतो आणि सबंध सकाळ काही दिसलं नव्हतं? चितळाचा धोक्याचा कॉल झाला, गाइडने जिप्सी बंद करायला लावली, आणि आपण सगळे श्वास रोखून त्या बांबूच्या बेटाकडे बघत राहिलो. काही आलं नाही. तरी ती सकाळ मला अजून लख्ख आठवते. इथे रिकाम्या हाताने परत जाण्याची सोयच नाही. कॉल नाही, कारण भ्यायचं कोणाला? दिवसभर समोर राहायचं आणि संध्याकाळी मागच्या घरात जायचं, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. ट्रक चालवणारी मुलगी खूप छान बोलत होती. पूर्वी म्हणे या फेरीत एक गोष्ट असायची, शिकारी हत्तिणीच्या मागे लागलेत आणि आपण त्यांचा पाठलाग करायचा. ती काढून टाकली. बरं झालं. समोर हत्तीण उभी असताना कोणाला गोष्ट हवी आहे?

आता गेंडा. पांढरा गेंडा रस्त्यालगत, इतका जवळ की त्याच्या पाठीवरचा वाळलेला चिखल दिसत होता. आमच्यातल्या पाचवीला, ह्यूस्टनहून आली होती ती, दोन्ही गुडघे बदललेत, ती एरवी एक मिनिट गप्प बसत नाही. ती गप्प झाली. ट्रकवालीने सांगितलं की इथून गेंडे युगांडाला पाठवले होते. रात्री मैत्रिणीच्या घरी बसून मी ते शोधून वाचलं. युगांडातले गेंडे १९८३ पर्यंत पार संपले होते. मग झीवा नावाच्या अभयारण्यात केनियाहून चार आणले आणि २००६ मध्ये ॲनिमल किंगडममधून दोन. त्यातल्या नंदी नावाच्या मादीला २००९ मध्ये पिल्लू झालं. बाप केनियाचा, आई अमेरिकेची, म्हणून पिल्लाचं नाव ठेवलं ओबामा! ह्यूस्टनवाली हे ऐकून इतकी हसली की शेजारच्या खोलीतून आवाज आला, आजी, झोपा आता.

तू म्हणशील, दोन गेंड्यांनी काय होतं. काय होतं ते तुमच्या शास्त्रात तूच मला सांग.

आणि वाचायला बसलेच होते तर दुसरी बाजूही वाचली. २२ एप्रिल १९९८ ला पार्क उघडला, वसुंधरा दिन साधून. पण त्याच्या आधीच्या महिन्यांत तिथे बरेच प्राणी मेले होते. विषबाधेने चित्त्याची पिल्लं गेली, सफारीच्या गाड्यांखाली क्रौंच आले. सरकारी चौकशी झाली आणि कायदा कुठे मोडलेला नाही असा निष्कर्ष निघाला. कायदा मोडला नसेल. पण ट्रक आणि पक्षी एकाच रस्त्यावर सोडले तर काय होईल, याला चौकशी कशाला लागते? माझं मत मी डॉक्टरला सांगितलं. ती म्हणाली, नवीन हॉस्पिटलचं पहिलं वर्षही असंच असतं. मला हे पटलं नाही, तिला माहीत आहे.

मधे थोडी करमणूक. आशिया विभागात आनंदपूर नावाचं काल्पनिक राज्य आहे, थोडं भारत, थोडं नेपाळ, थोडं आणखी कुठलं. दुकानात महाराजा-महाराणीची तसबीर, भिंतींचे पोपडे निघालेले, वायरींचा गुंता, रंग उडालेल्या पाट्या. पोपडे मुद्दाम काढलेत, आणि ते तसेच टिकावेत म्हणून माणसं नेमली असणार! आम्ही पाचजणी डॉलर मोजून ओल आलेली भिंत बघत उभ्या. बँकवाली म्हणाली, माझ्या स्वयंपाकघराची बघायला यांना बोलवू का? पण तिथली वाघांची वाट सुरेख आहे. जुन्या शिकारी महालाचे अवशेष, पाणी, आणि त्यात सुमात्राचे वाघ. आपल्या वाघापेक्षा अंगाने लहान, पट्टे दाट. २०१७ मध्ये तिथे दोन बछडे जन्मले होते. जवळच मोठी वटवाघळं टांगलेली, एका ठिकाणी मधे काचसुद्धा नाही. घाबरणाऱ्यांसाठी बाजूने वेगळी वाट ठेवली आहे. आमच्यातली कोणीच त्या वाटेने गेली नाही, उलट ओरलँडोवाली दापोलीची, ती त्यांना बघून माहेरचं कोणी भेटल्यासारखी खूश.

एव्हरेस्टच्या गाडीत, म्हणजे तिथल्या रोलर कोस्टरमध्ये, मी आणि बँकवाली बसलो. डॉक्टरने मनाई केली होती. डोंगर १९९.५ फूट. दोनशे झाला असता तर विमानांसाठी वर लाल दिवा लावावा लागला असता, आणि एव्हरेस्टवर लाल दिवा कसा दिसेल? गाडी वर जाते, पुढे रूळ तुटलेले, मग अंधारात उलटी मागे. शेवटी यती. अंगावर धावून यावा म्हणून बनवलेलं महाकाय यंत्र, पण २००६ मध्ये उघडल्यानंतर थोड्याच काळात त्याचं हलणं बंद पडलं, तेव्हापासून त्याच्यावर दिवे लुकलुकवून तो हलतोय असं भासवतात. मी डोळे मिटले होते, त्यामुळे माझ्यासाठी तो हललाच. यंत्र दमलं, आणि खाली जिराफ वीस-पंचवीस वर्षं रोज वेळेवर हजर. ज्यांनी हा पार्क आखला त्या जो रोडींची गोष्ट सांगतात: कंपनीचे तेव्हाचे प्रमुख मायकल आयझ्नर यांना शंका होती की नुसते जिवंत प्राणी बघण्यात थरार तो कसला. रोडी पुढच्या बैठकीला खरा वाघ घेऊन आले. वाघ टेबलाजवळून फिरला आणि प्रश्न संपला.

आणखी एक, तुला आवडेल असं. तिथे शीतपेयांच्या पेल्यांवर प्लास्टिकची झाकणं देत नाहीत, प्लास्टिकच्या नळ्या नाहीत, फुगे विकत नाहीत. वाऱ्याने उडून कुठल्या प्राण्याच्या तोंडात जायला नकोत म्हणून. माझी कोल्ड कॉफी साडीवर सांडली. मी काही बोलले नाही.

सगळ्यांत चांगलं काय, तर रेल्वे. एक छोटी गाडी पार्कच्या कडेने जाते. गर्दी फारशी नव्हती, कारण तिच्यात ना उतार ना किंकाळी. पण ती मागच्या बाजूने जाते, आणि तिथे नाटक संपतं. रात्रीची निवाऱ्याची घरं, पत्र्याचं छप्पर, दारं, गवताच्या गंजी, ढकलगाड्या. पोपडे नाहीत, पाट्या नाहीत. कामाची जागा दिसते तशी. पलीकडच्या केंद्रात काचेआड पशुवैद्यांची खोली. आम्ही गेलो तेव्हा एका पक्ष्याची तपासणी चालली होती, आणि आमची डॉक्टर काचेला नाक लावून उभी. तिला मी तिथून ओढून काढलं, भूक लागली होती. चिऊ, मी त्या पार्कची मालक असते तर ही रेल्वे पहिली ठेवली असती आणि सिमेंटचं झाड नंतर.

आता माझं मत. तू जंगलात जातेस ती तुझी हौस, तुझा अभ्यास, आणि तुझे धडधाकट पाय. आमच्या पाचजणींपैकी चौघींनी जन्मात पहाटे चारला उठून जिप्सीत पाऊल ठेवलेलं नाही. गुडघेवाली तर यापुढे ठेवूच शकत नाही. तिला तू ताडोबा सांगून काय उपयोग? ती त्या गेंड्यासमोर गप्प झाली ते मी बघितलं. त्या रात्री तिने मला विचारलं की काझीरंग्याला किती गेंडे आहेत, आणि भारतातल्या गेंड्याला एकच शिंग का. मी म्हटलं, माझ्या पोरीला विचार. तेव्हा तिचा फोन येईल. नीट उत्तर दे, चिडू नकोस, आणि तिने तो गेंडा ‘गोड’ म्हटला तरी तिला दुरुस्त करू नकोस.

त्या सिंहाला रात्री घरात जाताना काय वाटतं हे मला सांगता येत नाही. त्याच्यासाठी जागा पुरेशी आहे का, हे मी ट्रकमधून वीस मिनिटांत ठरवू शकत नाही, आणि डेहराडूनहून मेसेज टाकून तूही ठरवू शकत नाहीस. त्याबद्दल तू तिथल्या लोकांना लिहून विचार. हत्तींना दिवसातून किती चालायला मिळतं, हा माझा प्रश्नही त्यात घाल.

दिवाळीत आलीस की डॉक्टरला गोरेवाड्याला न्यायचं आहे. तिने अजून बघितलेलं नाही, त्याच्या मागेच राहते आणि! गाइड तू. तिकिटं ती काढणार म्हणाली आहे, तिच्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस, थोडे पैसे जवळ ठेव. बाबांनी विचारलंय की ट्रेनचं बुकिंग केलंस का. वेटिंग वाढत चाललंय.

तुझी,
आई