नोमच्या सेपाला आजोबांना

आदरणीय सेपाला आजोबा,

सप्रेम नमस्कार.

मी सातपुड्याच्या पायथ्याशी एका उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. आमच्याकडे बर्फ म्हणजे लसीच्या डब्यातले आईस पॅक, एवढंच. कुत्र्यांच्या गाडीवरून अलास्कातल्या नोम गावाला घटसर्पाचं औषध पोचवणाऱ्यांतले तुम्ही; १९६७ मध्ये गेलात, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. तरी तुमचे आभार मानायचे राहून गेले तर मला चैन पडणार नाही, म्हणून लिहिते आहे.

गेल्या पावसाळ्यात एका पाड्यावरचा बाप त्याच्या धाकट्या लेकराला लस द्यायला तयार होईना. थोरल्याला पेंटाच्या, म्हणजे घटसर्पासकट पाच रोगांवरच्या लसीच्या, इंजेक्शनानंतर ताप आला होता, ते त्याच्या मनात बसलेलं. आशाताई जाऊन आली, मी तीनदा दारातून परत आले. चौथ्यांदा गेले ती पावसामुळे त्याच्या ओट्यावर अडकले. घटसर्प म्हणजे काय ते किती वेळा सांगणार? मग मी त्याला तुमची गोष्ट सांगितली. प्रशिक्षणात एका मॅडमनी दोन वाक्यांत सांगितली होती. पुढचं मी शोधून शोधून वाचलं होतं.

त्याला सांगितलं, हा माणूस नॉर्वेच्या उत्तर टोकाकडचा. बाप लोहारकी करायचा, मासे धरायचा. पोरगा १९०० मध्ये सोन्याच्या नादानं अलास्कात गेला आणि कुत्र्यांत रमला. ध्रुवावर निघालेल्या अमुंडसेनसाठी आणलेली सायबेरियन पिल्लं त्यानं तयार केली, ती मोहीम रद्द झाली आणि पिल्लं त्याच्याकडेच राहिली. पुढे १९१५, १९१६ आणि १९१७ अशी लागोपाठ तीन वर्षं तिथली सगळ्यात मोठी शर्यत त्यानं मारली. आमच्याकडे शंकरपटाचं वेड आहे, त्यामुळे हे त्याला लगेच कळलं.

मग तुमचा कुत्रा टोगो. लहानपणी सतत आजारी, अंगानं किरकोळ, तुमच्या पत्नी कॉन्स्टन्सबाईंनी जपून वाढवलेला. तुम्ही तो दुसऱ्याला देऊन टाकलात, तर बंद खिडकीची काच फोडून पळत घरी आला. आठ महिन्यांचा असताना पहिल्यांदा जुंपला आणि पहिल्याच दिवशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास धावला. ओट्यावर आता घरातली बाकीची मंडळीही येऊन बसली होती.

जानेवारी १९२५. नोमला घटसर्पानं मुलांचे गळे धरायला लागले. डॉक्टर कर्टिस वेल्श यांच्याकडचं औषध जुनं झालेलं, समुद्र गोठल्यामुळे बोट यायची नाही. अँकरेजला त्या औषधाची तीन लाख युनिट सापडली. ती रेल्वेनं नेनानापर्यंत आली आणि तिथून १,०८५ किलोमीटर कुत्र्यांच्या स्लेजवरून नोमला न्यायची होती. वीस गाडीवानांनी ती साडेपाच दिवसांत पोचवली. त्यातले कितीतरी तिथले मूळ रहिवासी होते. त्यांची नावं कुणी फारशी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

तुम्ही औषध आणायला नोमहून उलट दिशेनं निघालात. वाटेत गाडीवान वाढवले गेले हे तुम्हाला कळवायला मार्गच नव्हता. शाक्तूलिकच्या बाहेर हेन्री इव्हानॉफ यांनी हाका मारून तुम्हाला थांबवलं नसतं तर तुम्ही औषधाला मागे टाकून पुढे निघून गेला असता. मग परत फिरलात. वारं सुटलेलं, अंधार पडत आलेला, आणि तुम्ही नॉर्टन साऊंडच्या गोठलेल्या समुद्रावरून आडवी वाट धरलीत. त्याच दिवशी ती एकदा ओलांडून आला होता. किनाऱ्याची वाट धरली असती तर एक दिवस जास्त लागला असता. पुढे बारा वर्षांचा टोगो. दुसऱ्या दिवशी तुम्ही गोलोविनला औषध पुढच्या माणसाच्या हाती दिलंत, तोवर त्या औषधासह तुमचं अंतर झालं होतं १४६ किलोमीटर. बाकीच्यांतलं कुणीही इतकं चाललं नाही.

शेवटच्या टप्प्यातला कुत्रा बाल्टो जगाला माहीत झाला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये त्याचा पुतळाही उभा राहिला. टोगोच्या वाट्याला ते आलं नाही याचं दुःख तुम्हाला आयुष्यभर होतं. मला ते पटतं.

तो बाप मध्येच म्हणाला, "आणि ह्याला लेकरंबाळं?"

एकच मुलगी, मी म्हणाले. सिग्रिड. आठ वर्षांची. ती नोममध्येच होती, त्या साथीत, आणि बाप घर सोडून निघाला होता.

"मग? वाचली का ती?"

वाचली, मोठी झाली. पण एवढी धावाधाव करावी लागली, कारण त्या पोरांना आधीच टोचून ठेवायची सोय मिळाली नव्हती, हे सांगितलं. त्यावर तो काही बोलला नाही. पाऊस थांबल्यावर मी निघाले.

पुढच्या सत्राला लेकराला टॉवेलात गुंडाळून, खांद्यावर घेऊन तो स्वतः आला. ताप आला तर काय करायचं ते विचारून घेतलं, पॅरासिटामॉल नेलं. आता तिन्ही डोस झाले आहेत.

तुमचं औषध नोमला पोचलं तेव्हा गोठून दगड झालं होतं, तरी वितळवल्यावर लागू पडलं. माझी पेंटाची बाटली गोठली तर फेकूनच द्यावी लागते. म्हणून सत्राच्या दिवशी सकाळी मी आईस पॅक बाहेर काढून ठेवते, कानाशी धरून हलवते, आत पाण्याचा आवाज आला की मगच डबा भरते. त्या दोन मिनिटांत आता रोज तुमची आठवण येते.

कॉन्स्टन्सबाईंना माझा नमस्कार सांगा. आणि टोगोच्या पाठीवरून माझ्यातर्फे एकदा हात फिरवा.

तुमची ऋणी,
एक आरोग्यसेविका