एका वाक्यात उरकलेले ब्लीच

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या फिश टँकवरचा लेख वाचला. लेख चांगला आहे, पण ‘मासे आजारी पडल्यास सगळे साहित्य ब्लीचने निर्जंतुक करावे’ एवढे म्हणून लेखक पुढे गेले. अशाच एका वाक्यावर विसंबून मी दोन वर्षांपूर्वी ११ मासे घालवले, म्हणून हे पत्र.

मी शाळेच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत २७ वर्षे साहाय्यक होते. काचसामान धुण्यात माझा हात कोणी धरणार नाही, असा माझा समज. नातवाच्या गप्पी माशांच्या अंगावर मिठाचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके दिसले. नव्या माशांच्या भांड्यातली जाळी ओलीच्या ओली टँकमध्ये बुचकळण्याचा पराक्रमही माझाच. ४ मासे गेले, उरलेल्यांचे ठिपके औषधाने गेले. मग मात्र मी चेव आल्यासारखी सगळे धुवायला काढले. जाळी, सायफनची नळी, हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन आणि फिल्टरचा स्पंजसुद्धा ब्लीचमध्ये. स्पंज इतका लख्ख निघाला की मी तो शेजारणीला दाखवून आले.

पाचव्या दिवशी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करू लागले. पाणी काचेसारखे नितळ, म्हणून ते पाण्यानेच मरताहेत हे लक्षातच येईना. स्पंजवरचा तपकिरी बुळबुळीत थर म्हणजे घाण नसते. माशांच्या विष्ठेतून आणि श्वासातून पाण्यात येणारा अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू त्यातच राहतात. ते मारले की नवी वसाहत बसायला चार ते सहा आठवडे जातात. रोगाने ४ नेले, माझ्या स्वच्छतेने ११. स्पंज टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात पिळायचा, बस. तो टाकून देण्याचीच वेळ आली, तर टँक नवाच आहे असे समजून रोज थोडे पाणी बदलायचे आणि खाणे कमी टाकायचे.

जाळी आणि नळ्यांना ब्लीच चालते, पण मापाने. साधे, सुगंध न घातलेले, साबण न मिसळलेले, सुमारे ५ टक्क्यांचे ब्लीच असेल तर १ भाग ब्लीचला १९ भाग थंड पाणी. वेळ १० ते १५ मिनिटे. त्याआधी शेवाळ आणि चिकटा घासून काढावा, नाहीतर क्लोरीन त्या घाणीवरच खर्ची पडते. रात्रभर भिजवले की जास्त स्वच्छ होते हा भ्रम आहे; माझ्या नायलॉनच्या जाळीतून सकाळी बोट आरपार गेले. टँकच्या काचेवरची क्षारांची रेघ काढायची असेल तर व्हिनेगर वापरा, पण वेगळ्या दिवशी. ब्लीचमध्ये कुठलेही आम्ल पडले की क्लोरीन वायू सुटतो. हे प्रयोगशाळेत एकदा चुकून झाले होते, डोळे दुपारपर्यंत चुरचुरत होते. दारे-खिडक्या उघड्या ठेवा, हातमोजे घाला. हाताला चीर असेल तर हातमोजे टँकच्या कामालाही हवेत, कारण माशांच्या क्षयाचे जिवाणू माणसाच्या त्वचेत शिरून गाठी आणतात. ते जिवाणू ब्लीचलाही सहजी दाद देत नाहीत. अशा वेळी साहित्याला ७० टक्के अल्कोहोल बरे.

भिजवून झाल्यावर तीनदा धुवावे आणि हायपोचे, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे, चिमूटभर खडे घातलेल्या पाण्यात थोडा वेळ ठेवावे. टँकसाठी मिळणारे क्लोरीन काढण्याचे औषधही चालेल. क्लोरीन उरले का, हे मी जुन्या सवयीने तपासते: हायपोत घालण्याआधीचे शेवटचे धुवण वाटीत घेऊन त्यात पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्चचे दोन थेंब टाकायचे. निळे झाले की पुन्हा धुवायचे. पहिल्या खेपेला, वास अजिबात येत नसताना, वाटी शाईसारखी निळी झाली होती!

शेवटी वाळवणे. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी कोरडेपणात टिकत नाही, त्यामुळे घाई नसेल तर नुसते कडकडीत वाळवणेही पुष्कळ काम करते. फक्त जाळीला फसू नये. कापड तासाभरात वाळते, पण तारेभोवतीची दुमडलेली शिवण ओलीच असते. मी ती टिपकागदात दाबून पाहिली, दुसऱ्या दिवशीही डाग उमटला.

तेव्हा लेखासोबत माप, वेळ आणि ‘स्पंज वगळून’ हे दोन शब्द पुढच्या अंकात छापाल का? आमच्याकडे नातवाने प्रत्येक भांड्याची जाळी वेगळी केली आहे. आजारी माशांच्या जाळीला त्याने लाल दोरी बांधली आहे, आणि मी तिच्याकडे हात नेला की तो आतल्या खोलीतून ओरडतो.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक