प्राण्यांच्या कर्करोगावर विजेच्या स्पंदांची जोड

महोदय,

कुत्र्या-मांजरांच्या कातडीवरील कर्करोगाच्या गाठींवर रसायनोपचाराला (केमोथेरपीला) विजेच्या स्पंदांची, म्हणजे क्षणिक झटक्यांची, जोड देणारी पद्धत इटली, स्लोव्हेनियासारख्या देशांतील पशुवैद्य वापरतात. त्यात वापरले जाणारे ब्लिओमायसिन हे कर्करोगावरील औषध एरवी पेशीत फारसे शिरत नाही. मात्र ते दिल्यावर काही मिनिटांत गाठीवर इलेक्ट्रोड टेकवून साधारण १०० मायक्रोसेकंदांचे आठ स्पंद सोडले, की पेशीच्या आवरणाला तात्पुरती छिद्रे पडून औषध आत उतरते. स्नायूंना आचके बसत असल्याने भूल द्यावीच लागते. उन्हात लोळणाऱ्या पांढऱ्या मांजरांना (आणि नागपूरचे ऊन काय सांगावे!) नाकाच्या शेंड्यावर होणाऱ्या कर्करोगात, जिथे कापायला जागाच नसते, तिथे हा उपचार विशेष मोलाचा ठरतो. सेमिनरी हिल्स येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयात तो माफक शुल्कात मिळेल, असे शासनाने पाहावे.

– एक मांजरपालक, धरमपेठ, नागपूर