फोटो आमचा, नाव इंटरनेटचं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला हौशी छायाचित्रकारांवरचा पानभर लेख वाचला. जागतिक छायाचित्रण दिनाच्या निमित्तानं का होईना, आमची आठवण झाली, आभार. समाजमाध्यमांमुळे घराघरांत दडलेली प्रतिभा जगापुढे आली, हे वाक्य तर मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. बायको म्हणाली, बघा, तुमच्याबद्दल लिहिलंय. मग नजर वर गेली. राजगडाच्या सुवेळा माचीवरची पहाट, खाली धुकं, चार कॉलम भरून फोटो. आणि त्याखाली, भिंग लावून वाचावं अशा अक्षरांत : ‘छायाचित्र – इंटरनेटवरून साभार’.

हे इंटरनेट नावाचे गृहस्थ भलतेच कष्टाळू दिसतात. पहाटे सुवेळा माचीवर तेच, सकाळी भिगवणला रोहित पक्ष्यांसमोर चिखलात तेच, दुपारी कासच्या पठारावर पालथे पडून फुलं टिपायलाही तेच. आपल्या दैनिकात तर त्यांचा फोटो नाही असा आठवडा जात नाही. एकदा त्यांची मुलाखत घ्याच.

सुवेळा माचीचा तो फोटो कुणाचा आहे, हे मला माहीत आहे. आमच्याच छायाचित्रकारांच्या ग्रुपवर तो गेल्या आठवड्यात आला होता. काढणारे शिक्षक आहेत, सुट्टीच्या आदल्या रात्री गुंजवण्याला जाऊन राहतात आणि अंधारात गड चढतात. फोटोच्या कोपऱ्यात त्यांनी स्वतःचं नावही घातलेलं होतं. आपल्या पानावर तेवढाच कोपरा नाही. धुकं सगळं आलं, नाव तेवढं कापलं गेलं! इतकी नेमकी कात्री चालवणाऱ्याला फोटो कुणाचा हे दिसलं नाही, असं मी कसं मानू?

मला इतका राग का आला, ते सांगतो. थोडक्यात सांगणार होतो, पण थोडक्यात सांगण्यासारखं ते नाही.

दिवे घाटात माउलींची पालखी येते, तेव्हा आम्ही काहीजण दरवर्षी तिथे असतो. सकाळीच डोंगराच्या उतारावर जागा धरायची, पोलीस उठवतील तिथून उठायचं, पुन्हा थोडं वर जाऊन बसायचं. रथाला चढासाठी जादा बैलजोड्या जुंपतात, त्या वेळचा फोटो सगळ्यांनाच हवा असतो. मला त्याचं फार नाही. मी रस्त्याच्या कडेला उतरतो. काही वर्षांपूर्वी तिथे रथामागच्या एका दिंडीतल्या आजी दिसल्या. डोक्यावर तुळस, पाठीवर खताच्या पिशवीचा केलेला घोंगता, चेहऱ्यावर पाऊस. त्यांना विचारून फोटो काढला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवला तर म्हणाल्या, ‘बरी दिसतीय की मी.’ मागे घाट वळणापर्यंत माणसांनी भरलेला, आणि बाजूला त्यांच्या दिंडीचा क्रमांक लिहिलेला फलक. त्या फलकामुळे पुढे दिंडीचा पत्ता काढता आला आणि एक मोठी प्रिंट विणेकऱ्यांमार्फत आजींपर्यंत पोचवली.

तोच फोटो मी ग्रुपवर टाकला. नावासकट. दुसऱ्या वर्षी आषाढीच्या आधी तो मला माझ्याच मेहुण्यानं पाठवला, वर ‘शुभ सकाळ’ आणि खाली गुलाबाची दोन फुलं. नाव गायब. तेही सोडून दिलं, म्हटलं भक्तिभावानं फिरवतायत लोक. त्याच्या पुढच्या वर्षी मात्र आमच्या चौकात फ्लेक्स लागला : ‘वैष्णवांच्या मेळ्याचे सहर्ष स्वागत’. डावीकडे एक भावी नगरसेवक, हात जोडलेले, त्यांच्यावर आणखी सात-आठ मुंडकी, आणि उजवीकडे माझ्या आजी. भाऊंना डावीकडे जागा हवी म्हणून फोटो आरशात धरल्यासारखा उलटा केलेला. फलकावरचा दिंडीचा क्रमांक उलटा. अख्खा चौक त्याखालून येत-जात होता, उलटी अक्षरं कुणाला खटकली नाहीत.

छपाईचं दुकान शोधायला लांब जावं लागलं नाही. फ्लेक्सच्या कोपऱ्यात छापणाऱ्याचं नाव आणि मोबाइल नंबर ठळक होता. बघा, तिथे नाव छापायला जागा असते! तिथला पोरगा अगदी गोड.

‘काका, गूगलवर टाकलं वारी फोटो एचडी, पहिल्याच रांगेत आला.’

‘तो माझा आहे.’

‘मग चांगलंच की! तुमचा फोटो चौकात लागला.’

मी काहीच बोललो नाही, तेव्हा त्याला माझी दया आली असावी. ‘पाहिजे तर तुम्हाला एक छोटा काढून देतो, घरात लावायला. फक्त मटेरियलचे पैसे द्या.’

माझ्याच फोटोचे, मलाच, मटेरियलचे पैसे.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं तर सल्ल्यांचा पाऊस पडला. एक म्हणाला वॉटरमार्क मोठा टाका. किती मोठा? आजींच्या कपाळावरून माझं नाव आडवं लिहू? दुसरा म्हणाला फोटो लहान करून टाका. लांब बाजू एक हजार ऐंशी पिक्सेल ठेवली तरी फ्लेक्सवाले ताणून लावतातच. खालून बघणाऱ्याला काय कळणार आहे? तिसऱ्यानं सांगितलं, फाइलच्या आत नाव भरून ठेवा. तेही मी करतो. पण व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की आतली ही माहिती पुसली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तरच राहते, आणि गुलाबाची फुलं चिकटवणारे कुठे डॉक्युमेंट पाठवतात! चौथ्यानं सगळं वाचून विचारलं, ‘सर, लेन्स कोणती होती?’

तीच ती पन्नास एक पॉइंट आठ होती, बाबा, पन्नास मिलिमीटरची, लांबचं जवळ न आणणारी साधी लेन्स. आमच्यात जन्माला आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगतात ती. लग्नाला कोणती घेऊ, पन्नास. बारशाला, पन्नास. वाघाला कोणती असं विचारलं तरी कुणीतरी पन्नास म्हणेल. माझं या माणसांवर प्रेम आहे म्हणून बोलतो. कॅनन की निकॉन यावर रात्री दोन वाजेपर्यंत भांडतात आणि सकाळी एकमेकांना स्वतःचा ट्रायपॉड उसना देतात. आपल्या लेखात त्यांच्या या गमतींचं कौतुक आहे, ते योग्यच आहे. पण ज्यांचं कौतुक करायचं त्यांचं नाव खोडून त्यांचाच फोटो वर लावायचा, याला काय म्हणावं?

कायद्याचं आपल्याला मी काय सांगणार. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारी व्यक्ती, असं सरळ लिहिलेलं आहे. २०१२च्या दुरुस्तीनंतर तर फोटोवरचा हक्क काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्यामागे आणखी ६० वर्षं राहतो. हक्क दुसऱ्याला विकून टाकला, तरी ‘हे मी केलं’ असं म्हणण्याचा अधिकार कलम ५७नं कर्त्याकडेच ठेवलाय. ‘साभार’ लिहिलं की हे सगळं मिटतं, असं कुठल्याही कलमात मला सापडलं नाही. आणि आभार तरी कुणाचे मानले, इंटरनेटचे?

आपल्या लेखात नेहमीप्रमाणे छायाचित्रणाचे जनक मानले जाणारे दागेर आले. १९ ऑगस्ट १८३९, पॅरिस, फ्रेंच सरकारनं त्यांची फोटो उमटवण्याची कृती जगाला खुली केली, वगैरे. बरोबर आहे. पण त्याच पॅरिसमध्ये अर्थखात्यात एक कारकून होता, इपोलित बायार. (मीही आयुष्यभर हिशेबाच्या टेबलावरच बसलो, म्हणून मला तो जवळचा.) त्यानं स्वतःच्या पद्धतीनं कागदावर थेट फोटो उमटवले होते आणि दागेरची कृती खुली होण्याआधीच, त्याच उन्हाळ्यात, ते लोकांना मांडूनही दाखवले होते. अरागो नावाच्या बड्या शास्त्रज्ञ पुढाऱ्यानं त्याला जरा थांब म्हणून सांगितलं. तो थांबला. दागेरला सरकारनं तहहयात वर्षासन दिलं, नाव दिलं. बायारनं १८४०मध्ये स्वतःचाच एक फोटो काढला : डोळे मिटलेला, उघडाबंब, पाण्यात बुडून मेलेला माणूस. मागच्या बाजूला लिहिलं की, हे प्रेत बायारचं आहे. दागेरला इतकं देणाऱ्या सरकारला बायारसाठी काही करता आलं नाही म्हणे, मग या दुर्दैव्यानं जीव दिला. प्रत्यक्षात गडी चांगला धडधाकट होता आणि पुढे ४६-४७ वर्षं जगला. छायाचित्रणाला धड दोन वर्षं होत नाहीत तोच नाव न मिळाल्याची तक्रार आली, तीही फोटो काढूनच! दरवर्षी दागेरवर दोन परिच्छेद छापता, एका वर्षी या कारकुनाला चार ओळी द्या.

आणि एक विचारतो. वारीचे हेलिकॉप्टरमधून फोटो काढणारे एक हौशी छायाचित्रकार पुढे या राज्याचे मुख्यमंत्री झाले. त्यांचा फोटो आपण कधी ‘इंटरनेटवरून साभार’ म्हणून छापला असता का? कोपरा कापला असता का? मग शिक्षकाच्याच बाबतीत कात्री इतकी धारदार कशी?

आता लेखाच्या शेजारच्या चौकटीबद्दल, कारण ती मुकाट गिळणं मला जमणार नाही. ‘पावसाळ्यात कॅमेऱ्याची काळजी’ या चौकटीत कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवावा, असा सल्ला आहे. कृपा करून हे मागे घ्या. तांदळाला भुकटी असते, ती लेन्सच्या फिरत्या कड्यात शिरते आणि मग झूम फिरवताना जात्यावर दळल्यासारखं करकरतं. शिवाय बुरशी थांबवण्याइतका ओलावा तांदूळ ओढत नाही. प्लास्टिकचा घट्ट झाकणाचा साधा डबा घ्या, त्यात ओल शोषून रंग बदलणारं सिलिका जेल टाका, रंग बदलला की ते बाहेर काढून मंद आचेवर तापवा आणि परत वापरा. जमलं तर आत छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५०च्या मध्ये राहिला की पुरे. चामड्याच्या पेटीत तर मुळीच ठेवू नका, चामडं ओल धरून बसतं. आमच्या कोकणातल्या सभासदांना हे शाळकरी पोरांपासून सगळ्यांना ठाऊक आहे, एकाला फोन केला असता तरी चाललं असतं. पण फोन करायचा तर नाव माहीत हवं, आणि नावाचं आपल्याकडे काय होतं ते वर लिहिलंच आहे.

मानधन मागत नाही. शिक्षकांनीही मागितलेलं नाही. त्यांनी ग्रुपवर आपल्या पानाचा फोटो टाकून नुसता हसरा चेहरा लावला, आणि खाली पन्नासजणांनी त्यांचं अभिनंदन केलं. म्हणूनच हे पत्र त्यांच्याऐवजी मी लिहितोय. पुढच्या पुरवणीत, त्याच पानावर, त्याच आकाराच्या नव्हे, तर वाचता येईल अशा अक्षरांत, त्यांचं नाव छापावं. नाव मी इथे देत नाही. मूळ फोटोच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात आहे, आपल्याकडे तो कोपरा असेलच.

आपला,
एक जुना वर्गणीदार, पुणे
(नाव आणि पत्ता सोबतच्या चिठ्ठीत आहे. एरवी छापा म्हटलं असतं, पण ते फ्लेक्सचं दुकान माझ्याच गल्लीत आहे.)

ता. क. : वाचकांनी पत्रासोबत स्वतःचा एखादा फोटो पाठवावा, ही आपली सूचना वाचली. पाठवत नाही.