सबस्ट्रिंग नीट काढायला शिकवणाऱ्या सरांचे जाहीर आभार

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

सी या प्रोग्रामिंग भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीत स्ट्रिंगचा, म्हणजे अक्षरांच्या ओळीचा, तुकडा (सबस्ट्रिंग) काढून देणारं तयार फंक्शन नाही. ‘मग लूप लावा’ एवढं सांगून पुष्कळ जण मोकळे होतात. तुम्ही तो लूप कुठं फसतो तेही दाखवलंत, म्हणून हे पत्र.

तुमचं गाडीच्या नंबरचं उदाहरण आम्ही आजही वर्गात घेतो. लातूरची गाडी, एमएच २४, सगळी मिळून दहा अक्षरं, मध्ये स्पेस नाही. त्यातला २४ हवा. मोजणी शून्यापासून, म्हणून सुरुवात २ आणि लांबीही २. पण नवा ॲरे (ओळीनं मांडलेले रकाने) ३ चा, कारण शेवटच्या नललाही, म्हणजे स्ट्रिंग संपल्याची खूण असलेल्या शून्य बाइटलाही, जागा लागते. पॉइंटरमध्ये (मूळ स्ट्रिंगच्या सुरुवातीच्या पत्त्यात) २ मिळवायचे, बाइट जसेच्या तसे कॉपी करणाऱ्या मेमकॉपीनं २ बाइट उचलायचे आणि नव्या ॲरेच्या इंडेक्स २ वर नल ठेवायचा. तो राहिला तर स्क्रीनवर छापणारं प्रिंटएफ शून्य बाइट सापडेपर्यंत पुढची मेमरी छापत सुटतं. कधी पुढं योगायोगानं शून्यच असतं, आउटपुट बरोबर दिसतं आणि चूक दडून राहते.

ठरावीक संख्येइतके बाइट कॉपी करणाऱ्या स्ट्रएनकॉपी फंक्शनवर पोरांचा फार भरवसा. पण दिलेल्या संख्येत मूळ स्ट्रिंग संपली नाही, तर ते नल लावत नाही. तुकडा काढताना बहुधा हेच होतं. जुन्या युनिक्समध्ये फाइलच्या नावाला १४ बाइटचा ठरीव रकाना असे. अशा रकान्यांसाठीच ते फंक्शन आहे, हे तुम्ही सांगितल्यावर त्याचं वागणं पटलं.

सगळ्यात मोठे उपकार तपासणीच्या क्रमाचे. आधी स्ट्रलेननं स्ट्रिंगची लांबी मोजायची, तीही एकदाच. सुरुवात लांबीपेक्षा मोठी असेल तर तिथूनच परत. मगच लांबीतून सुरुवात वजा करायची, आणि मागणी उरलेल्यापेक्षा जास्त असेल तर ती उरलेल्याइतकी करायची. क्रम उलटा झाला की घात: लांबी ज्यात ठेवतात त्या साइज-टी प्रकाराला उणे संख्या ठाऊक नाही. १० मधून १२ वजा केले की ६४ बिट मशीनवर वीस आकडी संख्या येते, आणि तेवढी मेमरी कॉपी करायला निघालेला प्रोग्राम कोसळतो.

फंक्शनमधल्या लोकल ॲरेचा पत्ता परत द्यायचा नाही. त्याऐवजी मॅलॉकनं मेमरी मागायची, तीही एक बाइट जास्त, नल पॉइंटर (मेमरी मिळाली नाही याची खूण) आला का ते बघायचं, काम झालं की फ्रीनं ती परत करायची. तुकडा एसएनप्रिंटएफ फंक्शननं काढताना टक्का-टिंब-तारा-एस (%.*s) वापरलं, तर लांबी इंट (पूर्णांक) प्रकारात करूनच द्यायची. एवढं पाळलं तरी पुरे.

मराठी मजकुराचा धडा मात्र दुसरीकडं मिळाला नसता. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत) ‘बीड’ म्हणजे २ अक्षरं नव्हे, ९ बाइट: ब, वेलांटी, ड, प्रत्येकी ३. पहिले ४ बाइट कापून घेतले की ब नंतर वेलांटीचा तुटका बाइट उरतो आणि स्क्रीनवर चौकोन किंवा प्रश्नचिन्ह येतं. उपाय तुमचाच: कापायच्या जागेवरचा बाइट हेक्स (सोळा आकडी मोजणीत) ८० ते बीएफ मध्ये असेल तर तो अक्षराच्या मधला, तसा नसलेला बाइट मिळेपर्यंत मागं सरकायचं. तुलना बाइटला अनसाइन्ड कॅर (उणे नसलेला प्रकार) करूनच, नाहीतर साइन्ड कॅरमध्ये ते बाइट उणे निघतात आणि अट कधीच लागत नाही. एवढं करूनही ‘बीड’चा नुसता ‘ब’ होऊ शकतो, कारण वेलांटी हा वेगळा कोड पॉइंट, म्हणजे स्वतंत्र क्रमांकाचं चिन्ह, आहे; म्हणून नावं कापताना मात्रा व्यंजनासोबतच ठेवायची.

सर, मनापासून आभार.

आपले विद्यार्थी,
आता लातूर-नांदेडात सी शिकवणारे