मा. अध्यक्षांना सातवं पत्र : तळमजल्यावरचा बार आणि माझी खिडकी

प्रति,
मा. अध्यक्ष, सोसायटी कमिटी
टिळकवाडी, बेळगाव

विषय : मागच्या सहा पत्रांचा होता तोच

महोदय,
सा. न. वि. वि.

पत्र सातवं आहे म्हणून कंटाळू नये. पहिल्या पत्राला आपलं उत्तर आलं होतं, "नोंद घेतली." दुसऱ्याला आलं, "पुढच्या मीटिंगमध्ये ठेवतो." तिसऱ्यापासून उत्तर नाही, नुसती पोच, आणि तीही आपल्या वॉचमनच्या सहीची. सही करताना तो दर वेळी विचारतो, "मत्त पत्र एन्री साहेब्र?" पुन्हा पत्र का साहेब, म्हणे. माझ्या तक्रारीची आजवर झालेली चौकशी म्हणाल तर एवढीच.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी दारूच्या विरोधात नाही. खजिनदारांनी माझ्याबद्दल तसं पसरवलंय असं कानावर आलं, म्हणून खुलासा. आमचे वडील सांगायचे, नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात, आणि मुंबई राज्याला १९४९ चा दारूबंदी कायदा. त्यांच्या एका मित्राने प्रकृतीच्या कारणावरून परमिट काढलं होतं आणि संध्याकाळ झाली की सगळी गल्ली त्याच्या प्रकृतीची विचारपूस करायला जायची. आमच्या तरुणपणी पडदे लावलेल्या खोल्यांचे बार होते, आत शिरण्याआधी माणूस दोनदा मागे बघायचा. ज्याला मोकळेपणी बसायचं तो चोर्ल्याचा घाट उतरून गोव्याला जायचा. आता गोवाच घाट चढून आपल्या तळमजल्यावर आलाय. बाटल्यांची उजळलेली भिंत, दोरीला टांगलेले पिवळे दिवे, बाहेरच्या कट्ट्यावर टेबल मिळायची वाट बघत बसलेली पोरं-पोरी. मागे कुणीच बघत नाही. ही सुधारणाच आहे, असं मी चौथ्या पत्रात लिहिलंसुद्धा होतं. आपण ते वाचलं नसणार.

आणि मी तिथे जेवलोय. म्हणजे न बघता बोलणाऱ्यांतला मी नाही. जावईबापू पुण्याहून आले होते, त्यांचा हट्ट. पांढरा रस्सा त्यांनी दारूच्या इवल्याशा ग्लासात आणून ठेवला, फळीवर सहा ग्लास ओळीनं, वर कोथिंबिरीचं एकेक पान. आमच्या पाहुण्यांकडे पांढरा रस्सा वाटी भरून मिळतो आणि दुसऱ्यांदा मागायला लागत नाही. पण चव, खोटं कशाला बोलू, चव होती. कोळंबी तव्यावरची, कोकमाचं आगळ लावलेली, ती तर उत्तम. मेन्यू मोबाइलवर बघायचा म्हणे, टेबलावरचं ठिपक्यांचं चित्र स्कॅन करून. मी छापील मागितला, तर त्या मुलानं स्वतःचा फोन पुसून माझ्या हातात दिला. मुलं सभ्य आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. बिलात सर्व्हिस चार्ज लावला होता. तो ऐच्छिक असतो, २०२२ पासून तशी केंद्राची मार्गदर्शक सूचना आहे, हे मी शांतपणे सांगितलं आणि त्यांनी तो काढला. बघा, बोललं की ऐकतात. कमिटी बोलतच नाही.

आता मूळ मुद्दा. त्यांच्या भटारखान्याचा धुराचा पाइप. चकचकीत पत्र्याचा, माझ्या मांडीएवढा जाड, मागच्या भिंतीनं वर येतो आणि पहिल्या मजल्यापाशी कोपर वाकवून तोंड करतो ते थेट माझ्या बेडरूमच्या खिडकीकडे. अंतर चार फूट. मी टेप लावून मोजलंय. साडेसातला तंदूर पेटतो, आठला खिडकी लावून घ्यावी लागते. पाइपच्या तोंडातून तेल गळून छज्जावर त्याचा पिवळा, चिकट ओघळ झालाय. त्यात धूळ बसते, धुळीत मुंग्या. गेल्या गणपतीत माझं सोवळं बाल्कनीत वाळत घातलं होतं. पूजेला बसलो, आचमन केलं आणि गुरुजी म्हणाले, "काहीतरी भाजल्याचा वास येतोय का हो?" येत होता. सोवळ्याला येत होता. तंदुरी चिकनचा. चतुर्थीच्या दिवशी, अध्यक्षसाहेब.

यावर सेक्रेटरींचं उत्तर काय, तर "कपडे आत वाळत घाला."

आवाजाचं मी वहीत टिपून ठेवलंय. वही कधीही बघायला या. शनिवार, १०.४७, ढोल. शनिवार, ११.१०, कुणाचा तरी वाढदिवस, तोच तो वाढदिवसाचा टाळ्यांचा कार्यक्रम, या महिन्यातला नववा. रविवार, १०.२०, क्रिकेट, आरडाओरडा, त्यावरून आपण जिंकलो एवढं तरी कळलं. मोबाइलवरच्या अ‍ॅपनं माझ्या उशीपाशी ७१ डेसिबल दाखवले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ४५ ची मर्यादा आहे. सेक्रेटरी म्हणतात, समोरचा रस्ता व्यापारी आहे, तिथे ५५ चालतात. चालू देत. ७१ मधून ५५ वजा करून उरतात ते तरी कमी करा.

लायसन्सचंही पाहिलंय. काउंटरमागे फ्रेम करून लावलंय, सीएल-९, म्हणजे बार-रेस्टॉरंटचं. कर्नाटकात १९९२ पासून नवीन सीएल-९ देणं बंद झालं, मग जुनंच लायसन्स एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जायचं. म्हणजे हे कुठून तरी उठून आपल्या इमारतीत आलं. येताना वरच्या माणसांना कुणी विचारलं का? बंद करायची वेळ रात्री साडेअकरा. शटर साडेअकराला अर्धं खाली येतं, हे मी मान्य करतो. उरलेल्या अर्ध्यातून माणसं वाकून बाहेर येत राहतात, बाराला पाच कमी असेपर्यंत. आणि बाहेर येऊन लगेच घरी गेली तर गोष्ट वेगळी. दुसऱ्या रेल्वे गेटकडे जायचं की आरपीडी क्रॉसला कॉफी घ्यायची, याची चर्चा माझ्या खिडकीखाली बसते.

शाळा, देऊळ, दवाखाना यांच्यापासून १०० मीटरच्या आत बार नको, असा एक्साइजचा नियम आहे. मागच्या गल्लीतली बालवाडी मी पावलं टाकून मोजली, ९४ भरली. माझं पाऊल मीटरचं नाही हे सेक्रेटरींनी लगेच दाखवून दिलं. म्हणजे मग अंतर आणखी कमीच झालं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यावर ते म्हणाले, बालवाडी म्हणजे शिक्षणसंस्था नव्हे. त्यांचा नातू तिथेच जातो. त्याची फी भरताना काय म्हणून भरतात, विचारून घ्या.

आपल्या स्वतःच्या नियमावलीतही "इतर रहिवाशांना उपद्रव होईल असे काही करू नये" हे कलम आहेच. आपल्याला ते पाठ असणार, कारण दोन वर्षांपूर्वी माझ्या तुळशीच्या कुंडीतलं पाणी खालच्या बोर्डावर ठिबकतं म्हणून याच कलमाखाली मला नोटीस आली होती. तीन दिवसांत. कुंडी हलवली, मी कायदा पाळणारा माणूस. त्यापुढच्या कलमात तळमजला व्यापारी वापरासाठी असं लिहिलंय, ते मला वाचून दाखवायची गरज नाही. पुण्याच्या पुतण्यानं मला तिकडच्या सोसायट्यांचे मॉडेल बायलॉज, म्हणजे नमुना नियमावली, पाठवले, त्यात किती तरी स्पष्ट लिहिलंय. मी ते ग्रुपवर टाकले तर उत्तर आलं, "ते महाराष्ट्राचे आहेत, इथे लागू नाहीत." माणसाला रात्री झोप लागावी, एवढं तरी हद्दीच्या दोन्ही बाजूंना लागू असावं. सीमाप्रश्न मी काढलेला नाही, हेही नोंदवून ठेवतो.

त्याच रात्री ग्रुपवर "फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात" असं झालं. योगायोग असेल.

मी एकटाच ओरडतो, असा एक समज कमिटीत आहे. २०२ मधल्या वहिनी मला लिफ्टमध्ये स्पष्ट म्हणाल्या, "तुमचं खरं आहे काका." सही मात्र दिली नाही, कारण त्यांच्या यजमानांचा ऑफिसचा कंपू तिथेच बसतो. ३०१ चे डॉक्टर रात्री दवाखान्यात असतात, त्यांना आवाज ऐकू येत नाही, पण ऐकू आला असता तर त्यांनी विरोधच केला असता. १०३ मध्ये इंजिनीअरिंगची तीन पोरं भाड्यानं राहतात. त्यांना विचारलं तर म्हणाली, "अंकल, थोडं अ‍ॅडजस्ट करा की, वीकेंडलाच तर असतंय." भाडेकरूंना मत नाही, त्यामुळे ते सोडू. हिशेब केला तर बारा फ्लॅटांपैकी नऊ माझ्या बाजूनं आहेत. त्यातले चार वर्षभर बंद असतात. आमच्या सौ.चं मत थोडं वेगळं आहे, पण ते कोळंबीपुरतं आहे आणि इथे अप्रस्तुत.

पार्किंगचा विषय मी वाढवणार नाही. फक्त डिसेंबरची आठवण करून देतो. सुवर्णसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन लागलं की सगळ्या गावातली हॉटेलं भरतात, हे ठीक, गावाला चार पैसे मिळतात. पण माझ्या नावाची पाटी लावलेल्या जागेत केए-०१ ची, म्हणजे बेंगळुरूची, पांढरी गाडी तीन रात्री उभी होती आणि मी स्कूटर रस्त्यावर लावून झोपलो. एरवी शनिवारी एमएच-०९ आणि जीए, म्हणजे कोल्हापूर-गोव्याच्या, असतात. केए-२२ ला म्हणजे आपल्याच गावच्या गाडीला उभं राहायला जागा नाही. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, "हॉटेलनवरु हेळ्यार री." हॉटेलवाल्यांनी सांगितलंय म्हणे. त्याचा पगार कोण देतं? आपण. माझ्या मेंटेनन्समधून. जो मी दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत भरतो. गेल्या उन्हाळ्यात पाणी एक दिवसाआड होतं तेव्हा आमच्या नळाला धार नव्हती आणि खाली मात्र ग्लास धुतले जात होते, तेही इथे आठवलं म्हणून लिहिलं.

जिन्याबद्दलही थोडं. रविवारी सकाळी मी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात फिरायला निघालो, आपणही असता तिथे, पण हल्ली मला बघून आपण उलट्या दिशेनं चालता. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर एक ग्लास होता. लांब दांड्याचा, काठाला मीठ लावलेला, लिंबाची चकती अडकवलेली. मिठाकडे मुंग्या फिरकल्या नव्हत्या, पण आतल्या गोड पाण्यात दहा-बारा मेल्या होत्या. मी तो उचलून कमिटीच्या ऑफिसच्या दारात ठेवला. संध्याकाळी तो परत हॉटेलात पोचला होता, धुऊन, स्वच्छ. एवढं तत्पर काम या सोसायटीत मी बावीस वर्षांत पाहिलं नाही.

गाळा कुणाचा आहे हे मला माहीत आहे. आपल्यालाही माहीत आहे. खजिनदारांनी भाडं घ्यावं, त्यांचा हक्क आहे. गणपतीच्या वर्गणीत हॉटेलचं नाव फलकावर सगळ्यांत वर होतं, माझं अकरावं, तेही ठीक. पण ज्यांचा गाळा त्यांनीच या विषयावरच्या मीटिंगमध्ये "पुढचा विषय घ्या" म्हणावं आणि आपण घ्यावा, हे मला पटलेलं नाही. आपण दोघांनी या इमारतीत एकाच आठवड्यात सामान चढवलं होतं. तुमचं कपाट जिन्यात अडकलं तेव्हा मी खालून धरलं होतं.

मी काय मागतोय? बार बंद करा म्हणत नाही. पाइप गच्चीपर्यंत वर न्या. तो २०२ आणि ३०२ च्या खिडक्यांवरून जाईल, पण त्यांचा मला पाठिंबा आहेच, तेवढं सोसतील. ढोल दहाला बंद. माझ्या पार्किंगला साखळी आणि कुलूप, किल्ली माझ्याकडे.

आणि कमिटीची पुढची मीटिंग माझ्या बेडरूममध्ये घ्या. शनिवारी, रात्री साडेदहाला. खिडकी उघडी ठेवून. खुर्च्या पुरतील, चहा मी देईन. इतिवृत्त सेक्रेटरींना लिहिता आलं, म्हणजे एकमेकांचं बोलणं ऐकू आलं, तर मी हे आणि आधीची सहा पत्रं मागे घेतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
फ्लॅट नं. १०२

ता. क. : ही मीटिंग येत्या शनिवारी ठेवू नये. जावईबापू येताहेत, त्यांनी खाली आठ वाजताचं टेबल सांगून ठेवलंय. त्यापुढच्या शनिवारी ठेवावी.